ठेवीचं तळं

हिनोसे विद्यापीठाच्या फाटकातून आत आलं की आधी इमारत दिसत नाही, तळं दिसतं. फार मोठं नाही. एका अंगाला मातीचा बांध, बांधावर जुने देवदार, मध्यावर दगडी मोरी आणि मोरीच्या तोंडात ठोकलेला लाकडी खुंट. भातकापणी संपते त्या सुमारास हा खुंट काढतात, पाणी सोडून देतात, आणि त्या वर्षी आलेले सगळे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे सगळे प्राध्यापक आणि कुलगुरू अनवाणी आत उतरून गाळ काढतात. वैद्यकीयचे उतरतात, इतिहासाचे उतरतात. मजूर लावत नाहीत, यंत्र लावत नाहीत. भूकंपात धरणाची माती कशी ढासळते हे संगणकावर मांडून जगाला सांगणारी माणसं त्या दिवशी टोपल्या वाहतात.

असं का, ते पाहुण्यांना सांगायचं काम किसाबुरो आजोबांकडे आहे. त्यांचा जन्म याच तळ्याखालच्या गावातला. सांगताना ते मध्येच थांबतात, देवदारावरचा पक्षी बघत बसतात. 'मग पुढे?' म्हटलं तर म्हणतात, "पुढे कुठे जायचंय तुम्हाला? बस चारची आहे." त्यांचं थांबणं गाळून मी गोष्ट सांगते.

जपानात मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हिनोसे हे डोंगरातलं गरीब गाव होतं. उन्हाळ्यात समुद्राकडून गार वारा सुटे आणि भाताच्या लोंब्या पोचट राहत. मुली दूरच्या सूतगिरण्यांत जात, मुलगे शहरात, आणि फारसं कोणी परत येत नसे. अशात सरकारने डोंगराळ मुलखात शेतकी शाळा काढायची ठरवली. शाळा आली तर थंडीतही दाणा धरणारं भात कोणीतरी शोधून काढेल, या आशेने गावाने वरची माळजमीन देऊ केली. पण शाळेला पाणी हवं होतं, आणि पाणी म्हणजे हे एकच तळं.

तळ्याचा एक नियम होता. ज्या घराला पाणी हवं, त्या घरातल्या माणसाने स्वतः शरदात गाळात उतरायचं. बदली माणूस चालत नसे. नियम राखायचं आणि मोरी उघडायचं काम ओइयो नावाच्या विधवेच्या घराण्याकडे होतं. गाव तळं द्यायला तयार झालं, ओइयो होईना. शेवटी ती म्हणाली म्हणे, "दान देत नाही. ठेव म्हणून देते. तुमची शाळा हे पाणी पिणार, तर शाळेतला प्रत्येक जण गाळात उतरेल, असं वचन द्या."

शाळेचे पहिले मुख्याध्यापक वाकासुगी सेन्सेई, म्हणजे वाकासुगी गुरुजी, जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी कमरेत वाकून वचन दिलं. इतक्या सहज दिलं की ओइयोच्या जावेने तिला हटकलं, "वहिनी, एवढ्या लवकर वाकणारा माणूस तेवढ्याच लवकर सरळ होतो हं."

झालं तसंच. पहिल्या शरदात परीक्षा जवळ आलेल्या. विद्यार्थी बहुतेक जुन्या सामुराई घराण्यांतले; त्यांच्या वडिलांना पोरांनी चिखल तुडवणं रुचलं नसतं. सेन्सेईंनी विचार केला, गावालाही कशाला त्रास? त्यांनी शहरातून चांगले धट्टेकट्टे मजूर आणवले. मजुरांनी फावड्यांनी तळं असं लख्ख केलं की तसं ते कधीच झालं नव्हतं. आपण गावावर उपकार केला असंच सेन्सेईंना मनापासून वाटत होतं. ओइयो बांधावरून सगळं बघून घरी गेली.

वसंतात बर्फ वितळलं, ओढे भरून वाहिले, आणि तळ्यात पाणी ठरेना. येई ते आत जिरून जाई. खाली रोपं लावणीला आलेली आणि शेतं कोरडी. लोक ओइयोच्या दारात जमले. "तुझ्या घराण्याने तळं राखलं, आणि तूच ते घालवलंस," असं तिला तोंडावर सुनावलं. लावणी चुकली असती तर वर्षाचं भात गेलं असतं, आणि तिच्या घराचं नाव गावात कोणी पुन्हा धडपणे घेतलं नसतं.

ओइयो उठली, तळ्यात उतरली आणि वितळत्या बर्फाच्या त्या चिखलात बसली. "पाणी माझ्या कमरेला लागेपर्यंत मी वर येणार नाही," एवढंच म्हणाली.

सेन्सेई धावत आले. त्यांनी तळ खणून पाहिला आणि त्यांना कारण समजलं. गावकरी पायांनी चाचपत गाळ काढत. खालची, पाणी धरून ठेवणारी चिकणमाती लागली की थांबत. मजुरांच्या फावड्यांनी तो थर जागोजाग फोडला होता. सेन्सेईंनी ते चिखलात बसलेल्या बाईला नीट समजावून सांगितलं.

"तुमच्या हिशेबात थर फुटला," ती म्हणाली. "माझ्या हिशेबात वचन फुटलं. आता बुजवायचं कशाने ते सांगा."

टोकियोहून सिमेंट मागवायचं तर उन्हाळा उजाडला असता. नवी चिकणमाती पसरून ती तुडवून घट्ट करणं एवढाच उपाय होता, आणि त्याला पाय हवे होते, खूप पाय. असं सांगतात की सेन्सेई बांधावर गेले, बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट घडी करून ठेवले आणि कोटासकट आत उतरले. तिसऱ्या पावलाला तोंडावर आपटले. वरून एक बाई म्हणाली, "सेन्सेई, जर्मनीत चिखल नसतो वाटतं." बांधावर हशा पिकला, आणि मग विद्यार्थी एकेक करून उतरू लागले. त्यांच्यामागून गाव उतरलं. एकमेकांचे खांदे धरून, लावणीची गाणी म्हणत त्यांनी तळं तुडवलं. पाणी चढत चढत ओइयोच्या कमरेला लागलं तेव्हा सेन्सेईंनी तिला हात दिला. तिला उभं राहता येईना. त्या गारठ्याने तिचे पाय कायमचे गेले.

लावणी झाली. पुढच्या शरदात विद्यार्थी तिच्या घरी गेले आणि तिला पाठीवर घेऊन मोरीपाशी आले. तिने खुंट काढला. पाणी गेल्यावर सगळे काठावर उभे राहिले आणि विचारलं, "उतरू का?" ती म्हणाली, "उतरा."

तुडवण्यासाठी खणलेल्या मातीत सेन्सेईंना राखाडी, पांढरे, काळे पट्टे दिसले होते. जुन्या ज्वालामुखींची राख, जुने दुष्काळ, जुनी जंगलं. त्या पट्ट्यांतून शाळेचं मृदाशास्त्र सुरू झालं. तळ्याखालच्या शेतांत, बऱ्याच वर्षांनी, गार वाऱ्यातही भरणारं भात तयार झालं. युद्धानंतर वैद्यकीय आणि शिक्षणाची महाविद्यालयं येऊन मिळाली आणि शाळेचं राष्ट्रीय विद्यापीठ झालं. तलावांच्या तळातला गाळ वाचून हजारो वर्षांपूर्वीचं हवामान सांगण्यात आज त्याचं नाव आहे.

गाव मात्र उरलं नाही. भात आलं तरी माणसं गेलीच. शेतांच्या जागी वसतिगृहं आहेत, गाड्या लावायची जागा आहे. किसाबुरो आजोबांच्या लहानपणी गाळाचा दिवस म्हणजे सणच असे. मासे हाताने पकडायचे, काठावरच रस्सा उकळायचा, आणि चष्मा हरवलेले प्राध्यापक चिखलात चाचपडताना बघून पोरं हसत लोळायची. 'उतरू का?' विचारलं की बांधभर माणसं 'उतरा!' म्हणून ओरडायची.

मी त्यांना विचारलं, या पाण्यावर आता एकही शेत नाही, मग हे कशासाठी?

"ठेव आहे ना," ते म्हणाले.

"पण आजोबा, ठेव परत मागायला कोण येणार आहे?"

"कोणी नाही. म्हणजे यातून तुम्हाला मोकळं करणारंही कोणी नाही."

आता गावात जन्मलेले ते एकटेच उरले आहेत. तुमच्यानंतर 'उतरा' कोण म्हणेल, असं मी विचारलं. माझा प्रश्न बरा नव्हता, पण आम्ही विद्यापीठातले सगळे तो मनातच ठेवतो, आणि मनात ठेवून काही सुटत नाही. ते पक्षी बघत राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही थांबून बघायचं. तुम्हा लोकांना थांबायची सवय कुठे आहे?"

आजही शरदात पाणी जातं, आणि हजारभर माणसं अनवाणी काठावर येतात. कोणीतरी विचारतं, "उतरू का?" आजोबा लगेच बोलत नाहीत. वारा गार असतो, पाय बधिर होतात, कुलगुरूही पाऊल पुढे टाकत नाहीत. कोणी खोकत नाही. जिथे गाव होतं तिकडे सगळे बघत राहतात. बऱ्याच वेळाने, मुद्दाम उशीर करून, आजोबा म्हणतात, "उतरा."