जवळचं भाडं

फार पूर्वी, म्हणजे राजाराणीच्या काळी नव्हे, टॅक्सीचा मीटर गाडीच्या बाहेर असायचा आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तो खाडकन फिरवायचा त्या काळी, घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक टॅक्सीवाला राहत होता. त्याचं नाव भिकाजी. नाव भिकाजी असलं तरी कुणापुढे हात पसरणारा माणूस नव्हता तो.

गावाला रेल्वेचं छोटं स्टेशन होतं आणि स्टेशनाबाहेर कडुलिंबाखाली टॅक्सीचा अड्डा. काळ्या-पिवळ्या गाड्या तिथे एकीमागे एक उभ्या असायच्या. सकाळी बादलीभर पाण्याने धुतलेल्या, पुढे लिंबू-मिरची, आत उदबत्तीचा वास. ड्रायव्हर मंडळी पारावर बसून एकच वर्तमानपत्र पानं वाटून वाचायची, आणि मधलं पान कुणाकडे यावरून भांडायची. आता तिथे काय आहे ते विचारू नका. तो वास आठवला की अजून जीव थोडा थोडा होतो.

या अड्ड्यावर एक रीत होती. गाड्या नंबराने सुटायच्या. ज्याचा पहिला नंबर, त्याने येईल तो उतारू घ्यायचा. नशिबात असलं तर घाटावरच्या थंड हवेच्या गावाचं लांबचं भाडं, नसलं तर वळणापलीकडच्या दवाखान्याचं. दवाखान्याचं भाडं म्हणजे मीटर टाकला न टाकला तोच उतरायची वेळ. त्यात पेट्रोलचे पैसे जेमतेम सुटायचे. म्हणून जुन्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं, की जवळचं भाडं मिळालेल्याने परत आल्यावर शेपटाला जायचं नाही. त्याने पुन्हा पुढे उभं राहायचं.

कोण कुठे जाऊन आला हे कुणी तपासत नसे. ड्रायव्हरने खिडकीतून नुसतं म्हणायचं, "जवळचं होतं," की बाकीचे गाडी मागे घेऊन जागा करून द्यायचे. त्यामुळे त्या गावात दवाखान्याला जाणाऱ्या माणसाला कधी कुणी नाही म्हटलं नाही. बाळंतीण असो, पाय मोडलेला असो, ज्याचा नंबर तो दार उघडायचा.

भिकाजीने आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली होती. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी मालकाला त्याचा वाटा देऊन उरेल त्यात घर चालवायचं. मग एका वर्षी त्याने हिंमत केली. पेढीवाल्या शेठकडून कर्ज काढलं आणि स्वतःची टॅक्सी घेतली. ती घरी आणली त्या दिवशी त्याच्या बायकोने, हौसाने, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि गल्लीभर पेढे वाटले.

पेढे संपले आणि हप्ते सुरू झाले. त्यातच पेट्रोल महागलं. टायर महागले. मीटर मात्र होता तिथेच. भाडं वाढवायचं ते नगरपालिकेच्या बैठकीने, आणि बैठक म्हणजे चहा, भजी आणि पुढची तारीख. शेठने निरोप धाडला, "या बाजाराच्या दिवशी हप्ता आला नाही, तर गाडीची किल्ली आणून दे."

भिकाजीच्या तोंडचं पाणी पळालं. हौसा म्हणाली, "गाडी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं काय हो?"

दुसऱ्या दिवशी त्याला नदीपलीकडच्या साखर कारखान्याचं भाडं मिळालं. लांबचं नव्हे, पण बऱ्यापैकी. रस्ता डांबरी आणि रिकामा, त्यामुळे तो लवकर परत आला. अड्ड्यावर गाड्यांची ही लांब रांग. शेपटाला गेलो तर दुपार होणार. भिकाजीने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हटलं,

"जवळचं होतं. दवाखान्याचं."

गाड्या मागे सरल्या. त्याला पुढची जागा मिळाली.

अड्ड्यावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर दादबा. सगळे त्याला मामा म्हणत. त्याने भिकाजीच्या चाकांकडे पाहिलं. दवाखान्याचा रस्ता लाल मातीचा होता. तिथे जाऊन आलेली गाडी गुडघ्यापर्यंत लाल होऊन यायची. भिकाजीची चाकं काळीभोर होती. म्हाताऱ्याने एकदा भिकाजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

हप्ता भरला गेला. पण चोरीचा गूळ गोड लागतो. भिकाजीने तसंच पुन्हा केलं, मग पुन्हा. हळूहळू इतरांच्याही ते ध्यानात आलं. रंगा म्हणून एक तरणा ड्रायव्हर होता, तो एकदा बाजारपेठेतून आला आणि म्हणाला, "जवळचं होतं." मग तिसरा म्हणाला. पुढे पुढे तर सगळ्या गावाचं सगळं भाडं जवळचंच व्हायला लागलं. घाटावर जाऊन आलेला माणूससुद्धा म्हणे, "तसं जवळच हुतं की!"

एक दिवस दोघांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की ही रीतच नको. जो जाईल तो परत आल्यावर शेपटाला. भांडण मिटलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण शेपटाला जायचं म्हटल्यावर दवाखान्याला कोण जाणार? उतारू दवाखान्याचं नाव काढी आणि ड्रायव्हर आभाळाकडे बघी. एकाला पेट्रोल भरायचं असे. दुसरा सकाळी नवालाच म्हणे, "जेवायची सुट्टी झाली."

शेजारच्या खेड्यातून रोज सकाळच्या गाडीने एक म्हातारी यायची. तिचा नवरा दवाखान्यात पाय बांधून पडला होता. त्याच्यासाठी भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन ती यायची. गुडघे धरलेले, त्यात दवाखान्याची चढण. ती भिकाजीच्या खिडकीशी आली आणि पदराची गाठ सोडत म्हणाली, "दवाखान्यात सोड बाबा. फुकट न्हाई म्हणत, मीटरनं देते."

भिकाजी समोर बघत म्हणाला, "आजी, गाडी गरम झालीया."

म्हातारीने बॉनेटवर हात ठेवला.

"थंडगार हाय की रं," ती म्हणाली. तिने गाठ पुन्हा बांधली आणि चालायला लागली.

रंगा फिदीफिदी हसला. भिकाजीला हसू आलं नाही, पण तो गाडीतून उतरलाही नाही.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेत भाडेवाढीची बैठक भरली. पूर्वी अशा बैठकीत ड्रायव्हरांना बोलावंच लागत नसे. गावातले लोकच उठून सांगायचे, "अहो, या पोरांना द्या चार पैसे वाढवून. रात्री-अपरात्री आपल्याला दवाखान्यात कोण नेतं?" या वेळी कुणी उठलं नाही. मागून एक जण म्हणाला, "दवाखान्यात नेत नाहीत ते नाहीत, वर भाडं कशाला वाढवायचं?" सगळी सभा माना डोलवायला लागली. भाडेवाढ बारगळली, भजी तेवढी संपली.

म्हणजे खोटं बोलून जे मिळालं होतं ते असं निघून गेलं. लोक चालायला लागले होते, उतारू कमी झाले होते, आणि पेट्रोल पुन्हा महागलं होतं. भिकाजीचा हप्ता पुन्हा थकला. या वेळी शेठने निरोप न धाडता स्वतः येऊन सांगितलं, "उद्या दिवस मावळेपर्यंत. मग किल्ली माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीचा पहिला नंबर होता. आगगाडी आली. फाटकातून आत पाहिलं तर हमाल पहिल्या वर्गाच्या डब्यातून सामान उतरवत होते. ट्रंका, वळकट्या, फळांची करंडी आणि एका बाईंच्या हातात पोपटाचा पिंजरा. घाटावर महिनाभर राहायला निघालेलं कुटुंब. लांबचं भाडं, वर बक्षिशी! भिकाजीने मनातल्या मनात हप्ता भरूनसुद्धा टाकला.

तेवढ्यात फाटकातून ती म्हातारी बाहेर आली. या वेळी तिने कुणालाच विचारलं नाही. टॅक्सीच्या रांगेकडे तिने पाहिलंदेखील नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला, स्टेशनाच्या भिंतीला टेकून जरा दम खाल्ला आणि चढणीकडे निघाली.

भिकाजीला तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण आपल्या अड्ड्यासमोरून माणूस असा जातो, जसं इथे कुणी राहतच नाही, हे त्याला सहन झालं नाही. त्याने फाटकाकडे पाहिलं. सामान उतरून झालं होतं. त्याला हौसाने लावलेलं कुंकू आठवलं, शेठ आठवला.

मग त्याने दार उघडलं आणि हाक मारली, "आजी, बसा."

म्हातारी थांबली. "तुझी गाडी गरम झाली असंल."

"न्हाई आजी. मीच थंड पडलो हुतो. बसा."

त्याने खाडकन मीटर टाकला आणि गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळवली. मागे अड्ड्यावर रंगा ओरडला, "आरं, येडा झालास काय? लांबचं भाडं आलंय!"

दवाखान्याच्या दारात म्हातारीने मीटरप्रमाणे पैसे दिले. भिकाजी नको म्हणत होता. ती म्हणाली, "घे. फुकट नेलंस तर उद्या मला बसता यायचं न्हाई." त्याने ते कपाळाला लावून खिशात टाकले. मग तो हळूहळू गाडी चालवत परत निघाला. घाई कशाची होती? लांबचं भाडं एव्हाना घाट चढायला लागलं असणार. घरी जाऊन हौसाला कसं सांगायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

अड्ड्यावर आल्यावर त्याने मुकाट्याने गाडी शेपटाला लावली. खिडकीतून डोकं काढलं नाही की 'जवळचं होतं' असंही म्हटलं नाही.

दादबामामा पारावरून उठून आला. "मागं कशाला लावतोस? पुढं घे."

"मामा, आता ती रीत न्हाई."

"पुढं बघ तरी."

भिकाजीने गाडीतून उतरून पाहिलं. रांगेतली पहिली जागा रिकामी होती. तो गेल्यावर एकही गाडी पुढे सरकली नव्हती. आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेला, ट्रंकांवर बसून, ते सगळं कुटुंब वाट बघत होतं. पोपट ओरडत होता आणि साहेब त्याच्याहून जास्त ओरडत होते, "अहो, इतक्या टॅक्स्या उभ्या आहेत आणि एकही येत नाही म्हणजे काय!"

"सांगितलं की साहेब," दादबा म्हणाला, "नंबर ज्याचा हाय तो दवाखान्यात गेलाय. हा बघा, आला."

दादबाचा नंबर दुसरा होता. ते भाडं त्याचं होतं. त्याच्याही घरी चूल होती.

भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, मला पुढं घेऊ नका. रीत मीच मोडली. त्या दिवशी मी कारखान्याला गेलो हुतो. दवाखान्याला न्हाई."

"ठाव हाय मला," दादबा म्हणाला. "चाकं बघितली हुती मी. तुझा हप्ता हाय म्हणून गप बसलो. वाटलं, एकदाच करंल. तवाच तुला बाजूला घेऊन कान धरला असता, तर एवढं झालं नसतं. माझी बी चूक हायच की. आता रडत बसू नगंस. साहेब खोळंबलेत."

रंगा पुढे आला. भिकाजीला वाटलं, आता हा काहीतरी लागट बोलणार. पण त्याने एक ट्रंक उचलली आणि भिकाजीच्या टपावर चढवली. मग दुसऱ्याने वळकटी उचलली. एरवी पोपटाचा पिंजरा कुणी आणला असता तर गाडीत घाण होते म्हणून भिकाजी कुरकुरला असता. त्या दिवशी त्याने तो स्वतः पुढच्या सीटवर ठेवला.

दिवस मावळायच्या आत शेठचा हप्ता शेठकडे पोचला.

दुसऱ्या दिवसापासून अड्ड्यावर जुनी रीत पुन्हा सुरू झाली. कुणी बैठक बोलावली नाही, कुणी शपथ घेतली नाही. दवाखान्याहून आलेल्याला जागा मिळायला लागली. काही दिवस सगळे एकमेकांच्या चाकांकडे बघायचे, मग तेही विसरले. पुढच्या बैठकीला भाडेवाढ झाली. फार नाही, चहाचा एक कप जास्त पिता यावा इतकीच. पण या वेळी गावातली माणसं उठून बोलली होती, आणि ड्रायव्हरांना त्या चार पैशांपेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं.

ती म्हातारी नवरा बरा होईपर्यंत रोज टॅक्सीने गेली. पैसे मीटरप्रमाणेच द्यायची, आणि बसण्याआधी रोज बॉनेटला हात लावून बघायची. ड्रायव्हर हसायचे. कधी कधी तीही हसायची.

तात्पर्य: खोटं बोलून आपल्याला पुढची जागा मिळते, पण मग कुणाच्याच शब्दाला किंमत राहत नाही. गेलेला विश्वास परत आणायचा असेल, तर कुणाला तरी आपण होऊन मागे उभं राहावं लागतं.