टिटवी गप्प झाली

एका जंगलातली नदी उन्हाळ्यात आटून जाई आणि मागे उरे एकच डोह. त्या डोहाकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणजे अगदी उघड्यावर! मुलांनो, झाडावर घरटे बांधणे टिटवीच्या जातीला ठाऊकच नाही. जमिनीवरचे खडे जरा इकडेतिकडे सारायचे आणि मधल्या खळग्यात अंडी घालायची, झाले तिचे घर. यंदा त्या खळग्यात चार अंडी होती. ती हुबेहूब गोट्यांसारखी दिसत, म्हणून आजवर सुखरूप होती.

डोहाचा राखणदार होता कोल्हा. त्याने आधी सगळ्या वाटा हुंगून यायच्या, बिबट्या कुठे दबा धरून बसलेला नाही ना ते पाहायचे आणि मग दरडीवर उभे राहून कुई द्यायची, अशी तिथली रीत होती. कुई ऐकली की हरणे, ससे, गवे सगळे निर्धास्तपणे पाण्यावर उतरत. या कामाबद्दल काठावरचा मऊ चिखलाचा पट्टा कोल्ह्याला तोडून दिला होता. तिथले खेकडे, किडे सारे त्याचे. टिटवी त्याच्या हाताखाली टेहळणी करी. आणखीही एक रीत होती. राखणीबद्दल कुणाची काही तक्रार असेल, तर ती राखणदाराकडेच द्यायची. ही रीत कुणी घातली हे कुणालाच आठवत नव्हते, कोल्ह्याला मात्र ती फार आवडे.

एका सकाळी टिटवीला डोहाच्या वळणावर, करवंदीच्या जाळीपाशी, बिबट्याच्या पंजांचे ताजे ठसे दिसले. कोल्हा तर नुकताच तिथून हुंगून गेला होता! टिटवी रीतीप्रमाणे त्याच्याकडेच धावली.

"कोल्हेदादा, वळणावर बिबट्या येऊन गेलाय. आज कुई देऊ नका."

"शाबास, टिटवीबाई!" कोल्हा म्हणाला. "मी बघतो सगळं. तू मात्र कुणाकडे बोलू नकोस हं, उगाच घबराट व्हायची."

संध्याकाळी कोल्ह्याने नेहमीसारखी लांबलचक कुई दिली. सगळे पाण्यावर उतरले आणि परतताना एका हरिणीचे पाडस वळणावरून आलेच नाही. दुसऱ्या दिवशी टिटवी जाळीवरून उडत गेली, तर खाली बिबट्या जिभल्या चाटत पडला होता आणि उरलेल्या शिकारीवर कोल्हा ताव मारत होता. कुंपणच शेत खात होते!

कोल्ह्यानेही तिला पाहिले होते. दुपारी तो सावकाश चालत आला आणि तिच्या अंड्यांपाशी येऊन बसला. "किती उघड्यावर गं तुझं घर!" तो गोड आवाजात म्हणाला. "मला तर फार काळजी वाटते. कुणाचा पाय पडला तर? आणि ओरडून तरी काय करशील? टिटवी ओरडली की अभद्र होतं, असं सगळे म्हणतातच. पाडस का गेलं? तर टिटवी ओरडली म्हणून! होय की नाही?"

टिटवीने सशाला सल्ला विचारला. ससा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आपण बरं, आपलं काम बरं." तेव्हापासून टिटवीने तोंडच मिटले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हरिणी वळणावर उभी राहून पाडसाला हाका मारी, आणि इकडे टिटवी अंड्यांवर बसून डोळे गच्च मिटून घेई. तिला स्वतःची लाज वाटे. पण पंखांखाली अंडी उबदार लागत, आणि तिच्याने उठवत नसे.

गव्यांच्या कळपात एक म्हातारी गवी होती. तिचा शब्द जंगलात मानला जाई. तिच्या मनात आले, 'टिटवी आणि गप्प? जंगलात काहीतरी बिघडलंय.' ती जपून पावले टाकत आली आणि अंड्यांच्या बाजूला बसून रवंथ करू लागली. विचारले मात्र काहीच नाही. थोड्या वेळाने कोल्हा दरडीवर डोकावला, गवीची शिंगे पाहिली आणि आल्या पावली परतला.

शेवटी टिटवीलाच राहवेना. "आजी, तुम्ही काही विचारत का नाही?"

"अगं, आधी तुझ्या अंड्यांपाशी कुणीतरी बसायला हवं. विचारायचं ते मग. नाही बोललीस तरी मी काही उठत नाही."

मग टिटवी भडाभडा सगळे बोलली.

संध्याकाळी कोल्ह्याची कुई झाली, पण गवी कळपासह वाट अडवून उभी राहिली. अंड्यांपाशी तिने दोन दांडगे गवे ठेवले होते.

"काय रे राखणदारा, वाट मोकळी आहे ना?"

"अगदी मोकळी, आजी!"

"मग आज वळणावरचं पहिलं पाणी तू पी. आम्ही येतो मागून."

"मला... मला तहान नाही."

"नसू दे. नुसता उभा राहा तिथं."

कोल्ह्याने एक पाऊल टाकले आणि तिथेच थबकला. भुकेल्या बिबट्यापुढे पाडस आले काय नि कोल्हा आला काय, सारखेच, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? सगळे काय ते समजले. गवे जाळीवर चालून गेले तसा बिबट्या पळाला, आणि कोल्ह्याने उलट्या दिशेला धूम ठोकली. तो पुन्हा त्या जंगलात दिसला नाही.

गवीने चिखलाचा पट्टा टिटवीला देऊन टाकला. ससा कुजबुजला, "म्हणजे किड्यांसाठी चुगली केली म्हणायची!"

गवीने ते ऐकले. "हिनं चार अंडी पणाला लावली. तू काय लावलं होतंस?" सशाने कान पाडले.

हरिणी मात्र टिटवीसमोर येऊन उभी राहिली. "टिटवीबाई, तू आधीच का गं बोलली नाहीस?"

"बोलले होते गं ताई," टिटवीला हुंदका आवरेना. "ज्याच्याकडे बोलायची रीत होती, त्याच्याकडेच बोलले होते."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याच संध्याकाळी ती रीत मोडली. राखणदाराविरुद्धची तक्रार यापुढे गव्यांच्या कळपाकडे द्यायची, आणि जो बोलेल त्याच्या घरापाशी कळपाने पहारा द्यायचा, असे ठरले. पहिला पहारा कुणाचा, असे गवीने विचारले, तोवर हरिणी त्या चार अंड्यांशेजारी जाऊन बसलीसुद्धा होती.

तात्पर्य : 'खरे बोल' असे कुणाला सांगण्याआधी त्याच्या घराची राखण आपल्या अंगावर घ्यावी, आणि चोराविरुद्धची तक्रार चोराच्याच कानी घालायला लावू नये.