काचेच्या कपाटातली करवत

फार पूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात मुलींची एक छोटी शाळा होती आणि त्या शाळेला एक मोठ्या बाई होत्या. बाई सुताराची लेक. वडील गेले तेव्हा त्यांची हत्यारं बाईंनी शाळेत आणली. करवत, रंधा, गिरमिट, हातोडी, कानस, सगळी काचेच्या कपाटात ओळीनं मांडली आणि कुलूप लावलं. दर खंडेनवमीला कपाट उघडायचं. बाई एकेक हत्यार पुसायच्या, तेल लावायच्या, हळदकुंकू वाहायच्या. मुली हात जोडायच्या. मग पुन्हा कुलूप.

त्या हत्यारांकडे पाहिलं की बाईंना लहानपणचं अंगण दिसे. सागाच्या भुश्शाचा वास, वडिलांची हलकी शीळ आणि उंबऱ्यावर बसलेली परकरातली आपण. "मला द्या ना रंधा," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"हात कापशील, बाळ. तू आपली बघ," वडील मायेनं म्हणाले होते.

मग त्या बघतच राहिल्या. कुरळ्या ढलप्या गोळा करून चुलीपाशी नेऊन टाकायच्या, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं.

एका उन्हाळ्यात शाळेच्या विहिरीवरच्या कप्पीचं लाकडी चाक दुभंगलं. गावचा सुतार लेकीच्या सासरी गेलेला, पंधरा दिवस यायचा नव्हता. मुली नदीवरून घागरी आणू लागल्या. भर उन्हात खेपा घालून वर्गात आल्या की पेंगायच्या.

सहावीत कौसा नावाची धनगराची पोर होती. पाढे चुकायची, पण मोडकी वस्तू हाती आली की उलगडून पाहिल्याशिवाय सोडायची नाही. तिनं चाकाचे दोन तुकडे जमिनीवर जुळवले, काडीनं मापले आणि ती बाईंकडे आली.

"बाई, असं चाक आम्ही करू. मागे आंब्याची फळी पडलीय. कपाट उघडाल?"

"कौसे, ती पूजेची हत्यारं. मोडली म्हणजे?"

कौसा खाली बघत म्हणाली, "चाक तर मोडलंच आहे, बाई."

दुपारी बाईंनी कुलूप काढलं.

चौघींनी फळी दाबून धरली आणि कौसा कोपरे कापू लागली. करवत मध्येच अडकली. तिनं हिसका दिला, तसे तीन दात कटकन तुटले. कौसानं करवत बाईंच्या पायाशी ठेवली. "चुकलं, बाई," एवढंच म्हणाली.

करवत घेऊन बाई आत गेल्या. पुसून कपाटात ठेवावी आणि पुन्हा कधी कुणाला देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं त्यांनी ती दोन बोटांत धरून पुसली होती. आज पहिल्यांदाच मूठ नीट आवळली, तर अंगठा एका खळग्यात जाऊन बसला. वडिलांच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा तो. पूजा करून काही तो पडला नव्हता. त्यांनी पातं उजेडात धरलं. कुठे एक, कुठे दोन, दात पूर्वीच तुटलेले होते आणि आजूबाजूचे कानशीनं घासून सारखे केलेले होते.

मग बाई डोळे पुसून बाहेर आल्या.

"दात माझ्या वडिलांकडूनही तुटायचे," त्या म्हणाल्या. "कानस आणा. घासतात कसे ते मलाही येत नाही. मिळून बघू."

दुसऱ्या दिवशी चाक झालं, पण कप्पीत बसवलं की लंगड्या बैलासारखं डुलायचं. दोर निसटायचा. कौसा त्याच्याकडे बघत पाठ केलेलं पुटपुटू लागली, "परिघावरचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्या अंतरावर..." आणि थांबली. "बाई, आपलं भोक मध्यावर नाही."

मग उरलेल्या फळीवर खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून, कोळशानं वर्तुळ काढलं. तिसऱ्या दिवशी नवं चाक बसलं. ते कुरकुरत होतं, पण फिरत होतं. पहिली बादली वर आली तेव्हा कौसाच्या तळहाताला दोन फोड होते आणि ती ते सगळ्यांना दाखवत होती.

कपाटाला पुन्हा कुलूप लागलं नाही. बऱ्याच वर्षांनी, बाई थकल्या तेव्हा, कौसा माहेरपणाला आली आणि लेकीला घेऊन शाळेत त्यांना भेटायला गेली. पाच वर्षांची ती चिमुरडी मुली ठोकाठोक करत होत्या त्या फळीपाशी थेट गेली आणि तिनं हातोडी उलटी धरून खिळ्यावर घाव घातला. खिळा वाकला.

"अगं, बोट चेचेल तुझं," म्हणत कौसा हातोडी काढून घ्यायला धावली.

बाईंनी कौसाचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "थांब, कौसे. दुसरा खिळा दे तिला."

तात्पर्य इतकंच: लेकीला जपायचं म्हणून तिच्या हातातलं काम काढून घेऊ नये. चुकत चुकतच हात शहाणे होतात.