शेवरीचा आधार

एकदा एक पानमळ्याचा धनी शिडीवरून डोक्यावर पडला. जीव वाचला; वाचा गेली. दुसऱ्यांचे बोलणे त्याला सगळे कळे, स्वतःचा शब्द मात्र ओठांवर येत नसे. तळमळ एकच होती, पत्नीला नावाने हाक मारण्याची. गंमत अशी की धडधाकट असताना त्याने ते नाव कधी घेतलेच नव्हते. सारा संसार ‘अगं, ऐकलंस का’वर निभावला होता. आता ती समोर आली की तो तोंड उघडी, आणि त्याचे डोळेच भरून येत.

मेंदूच्या आजारांचे जाणकार असे एक वृद्ध वैद्य जवळच राहत. त्यांनी उपचारासाठी आपला शिष्य पाठवला. शिष्य मोठा कष्टाळू. ‘म्हणा, सगुणा. म्हणा, सगुणा,’ असे तो दिवसभर घोकून घेई. शेवटी एके दिवशी धन्याने कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

हे कळताच गुरुजी स्वतः आले. रुग्णाजवळ बसून टाळीच्या ठेक्यात त्यांनी चक्क उखाणा सुरू केला : “पानाला लागतो चुना, चुन्याला लागतो कात, सगुणेचं नाव घेतो, धरून तिचा हात.”

“रोज हाच म्हणून घे,” असे शिष्याला सांगून ते उठले.

परसात येताच शिष्य उसळला. “गुरुजी, ज्यांना एक शब्द जमत नाही त्यांना दोन ओळी? आणि या वयात नवरदेवाचे चोचले! लोक हसतील हो.”

गुरुजींनी मागच्या मळ्याकडे बोट दाखवले. “वादळात इथली शेवरी, वेलांना आधार देणारी ती झाडं, मोडली आणि पानवेल भुईवर लोळले. काही कुजले. मळ्यातल्या गड्याने कुजलेल्या वेलांना पाणी नाही घातलं. उरलेल्यांशेजारी नवी शेवरी पेरली. शेवरीला विड्याचं पान कधी लागत नाही. ती सावली धरते, आणि जुना वेल तिच्या अंगावर चढतो. मेंदूला इजा झाली की तिथेही नव्या पेशी जन्मतात, जखमेकडे निघतात. प्राण्यांत हे पाहिलेलं आहे. माणसात किती घडतं, यावर जाणत्यांचा वाद अजून मिटलेला नाही. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या जगतात, त्या मेलेल्यांची जागा घेतीलच असं नाही. पण वाचलेल्या जुन्या पेशींना सावरतात. आणि जगायला त्यांना काम लागतं, नवं काम. बाळा, ते नाव मेलेलं नसेल. भुईवर पडलं असेल. त्याला चढायला काहीतरी दे.”

दुसऱ्या दिवसापासून शिष्याची टाळी सुरू झाली. आधी नुसता हुंकार उमटला, मग कधीतरी ‘चुना’. शेजारी हसले, सगुणाबाई मात्र रोज खरा विडा करून समोर ठेवीत.

एका दुपारी धनी अडखळत म्हणू लागला, “पानाला... चुना... चुन्याला... कात...” सगुणाबाईंचा हात विड्यावरच थबकला.

“सगुणा,” तो म्हणाला. पुढचे शब्द तसेच राहिले.

बाईंनी तोंडाला पदर लावला. “अहो, उभा जन्म गेला,” त्या हसत-रडत म्हणाल्या, “आज नाव घेतलंत!”

त्याने तिचा हात धरला. आणि कोणी न शिकवता, जुनाच शब्द त्याच्या ओठांवर आला : “अगं...”

शिष्य हलकेच उठला, मागच्या दाराने मळ्यात गेला आणि शेवरीच्या रोपांना पाणी घालू लागला.