मापाचा शंख

त्या किनाऱ्यावर घर घेऊन कुणीच जन्माला येत नसे. अंग वाढे, पण घर वाढत नसे. म्हणून तिथल्या खेकड्यांना रिकाम्या शंखांत राहावं लागे, आणि शंख तर मोजकेच.

तरी भांडणं होत नसत, कारण रांग होती. लाटेनं नवा शंख टाकला की थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळे ओळीनं उभे राहत. पहिला नव्या शंखात जाई, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या, आणि हे सगळं एका दमात. तेवढा वेळ अख्खी रांग उघडी पडे. मऊ पोटं उन्हात आणि डोक्यावर घारी. पण पुढच्यानं सोडलेलं आपल्याला मिळणार, यात कधी खंड पडला नव्हता, म्हणून कुणी घाबरत नसे.

रेवतीचा शंख तडकला होता. तिच्या पोटाशी अंडी होती, आणि तड्यातून येणारी वाळू त्यांना टोचत होती. रांगेत तिच्या पुढे तिचा नवरा, खडपू. त्याचा ठिपक्यांचा शंख तिला अगदी बेताचा झाला असता, म्हणून ती रांगेकडे डोळे लावून बसली होती.

खडपूला मात्र बेताचं काही नकोच होतं. किनाऱ्यावर वारंच तसं सुटलं होतं म्हणा. पूर्वी भेटल्यावर "बरं आहे ना?" विचारत, आता "शंख केवढा?" विचारत. खडपू दिवसभर खाई: शेवाळ, सडकी मासळी, वाहून आलेलं खोबरं. भूक असो नसो, खाई. मोठ्या शंखाला मोठं अंग नको?

"अहो, पुरे करा," रेवती म्हणे. "नुसतं पोट सुटलंय तुमचं. दार लावायची नांगी आहे तेवढीच राहिलीय." कारण आत शिरल्यावर मोठी नांगी तोंडाशी आडवी धरायची, तेच त्यांचं दार.

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरायचे दिवस गेले," तो हसे. "आधी पाय पसरायचे. अंथरूण झक मारत येतं!"

आणि एका सकाळी ते आलंच. लाटेनं पांढराशुभ्र शंख टाकला, एवढा मोठा की धाकट्यांना त्याची पलीकडची बाजू दिसेना. रांग लागली. सगळ्यांत पुढे थोरले काका. त्यांनी नांगी आत घालून चाचपलं, एक हाक मारली. हाक आत कितीतरी वेळ घुमत राहिली.

"छे रे बाबा! एवढ्या घरात मी मलाच सापडायचो नाही," म्हणत काका आपल्या जुन्या शंखासकट बाजूला झाले.

आता खडपू पुढे. "काकांना झाला नाही, तो तुम्हाला कसा होईल हो?" रेवती म्हणाली. म्हणाली खरी, पण फार जोर लावून नाही. तो गेल्याशिवाय ठिपक्यांचा शंख मोकळा कसा होणार? या विचाराची तिची तिलाच लाज वाटली.

खडपू सुळकन पांढऱ्या शंखात शिरला. रीतीप्रमाणे त्याच दमात रेवती आपल्या शंखातून निघाली, तिच्या शंखात मागचा शिरला, त्याच्यात त्याच्या मागचा, आणि शेपटापर्यंत सगळी दारं लागली. रेवती ठिपक्यांच्या शंखापाशी आली. त्याच्या काठावर खडपूची मोठी नांगी घट्ट रोवलेली होती, आणि शंखाचं तोंड त्यानं आपल्याशी ओढून धरलं होतं.

"अहो, सोडा की!"

"थांब जरा. आत पकडच मिळत नाहीये. नाहीच जमलं तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारा मी नव्हे."

"माझी अंडी उघड्यावर आहेत हो!"

"बघतो म्हटलं ना!"

ती मागे वळली. तिच्या जुन्या शंखाचं दार लागलेलं होतं. रांग उलटी कधी चालली नव्हती. ती उलटी कशी चालवायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाळूवरून एक सावली सरकली.

"खडप्या, सोड!" काका आपल्या शंखातून ओरडले. "मेल्या, सोड आणि दार लाव!"

खडपूनं वर पाहिलं. जुना शंख त्यानं जिवाच्या आकांतानं आत ओढला, तो येईना. रेवती अंडी पोटाखाली घेऊन वाळूत दबली होती. त्याचे डोळे तिला दिसले, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला सोडायचं होतं. पण इतकं घट्ट धरल्यावर नांगी उघडतात कशी, हेच त्याला आठवत नव्हतं.

घार खाली आली. काहीतरी कडकन तुटलं. पांढरा शंख गडगडत गेला आणि रिकामाच थांबला.

"अहो!" रेवतीनं एकदाच हाक मारली. ठिपक्यांचा शंख तोंड मोकळं होऊन तिच्यासमोर आडवा पडला होता, आणि त्याच्या काठावर ती नांगी तशीच मिटलेली होती. त्या नांगीखालून रेवती आत शिरली आणि मग रडली.

दिवस भरल्यावर अंडी फुटली, पिल्लं लाटेबरोबर गेली. काकांनी ती नांगी सोडवायचा बराच प्रयत्न केला. निघेना. "असू दे," रेवती म्हणाली.

पुढे पुन्हा नवा शंख आला, नेहमीच्या मापाचा. रांग लागली. ठिपक्यांचा शंख सोडून निघाल्यावर रेवती क्षणभर थांबली. तिनं आपल्या दोन्ही नांग्या वर केल्या, पूर्ण उघडल्या आणि मागच्याला दाखवल्या. मगच ती पुढच्या शंखात गेली. मागच्यानं काठावरच्या त्या मिटलेल्या नांगीकडे पाहिलं आणि आपल्याही वर केल्या. मग त्याच्या मागच्यानं. वर घारी फिरत होत्या, आणि खाली किनाऱ्याच्या टोकापर्यंत एकामागून एक रिकाम्या, उघड्या नांग्या वर होत गेल्या.