फाटकापाशी फुंकर

सकाळी मठात नेहमीसारख्या पावट्याच्या शेंगा सोलणं चाललं होतं, तेव्हा लहानूची बहीण सोनाबाई फाटकात येऊन उभी राहिली.

"लहानू गेला," ती म्हणाली. "काल तुम्ही त्याला परत पाठवलंत. घरी येऊन त्यानं जीव दिला."

अच्युतच्या हातातली शेंग तशीच राहिली. मठात दारू सोडायला आलेल्यानं आधी अच्युतच्या तळहातावर फुंकर मारायची. वास आला तर माघारी. हा नियम अच्युतनंच घातला होता, आणि विश्रामबुवांचा पट्टशिष्य म्हणून तो कडक पाळलाही होता.

"मावशी, तो पिऊन आला होता."

"मग काय दूध पिऊन येणार होता?"

बुवा ओट्यावरून उठले. त्यांनी अंगारा पुढे केला. सोनाबाईनं हात मागे घेतला.

"नको. बायको गेल्यापासून तो मरणाचंच बोलायचा. गुरुवारी तुमच्याकडे मनाचे डॉक्टर येतात, म्हणून धाडला होता."

ती वळली आणि उतरणीला लागली.

...

"आपली चूक नाही, बुवा," अच्युत म्हणाला. "आधी दारू सुटू दे, मग दुःखाचं बघू."

"डॉक्टर असं म्हणाले?"

"ते म्हणतात, दोन्ही एकदमच बघा. त्यांचं काय जातं म्हणायला? मठाला शिस्त नको?"

बुवांनी त्याचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर फुंकर मारली.

"वास?"

"नाही."

"माझ्या मनात काय चाललंय?"

"ते फुंकरीवरून कसं कळणार?"



अच्युतनं हात सोडवून घेतला.

बुवांनी आपली घोंगडी उचलली, फाटकाबाहेर धुळीत अंथरली आणि तिच्यावर बसले.

"हे काय, बुवा?"

"येणारे पिऊनच येतील. गुरुवारी डॉक्टरांनाही इथंच बसवू."

"लोक हसतील. दारुड्यांचा मठ म्हणतील."

"म्हणू देत. आहेच."

अच्युत फाटकाला धरून उभा राहिला. खाली वाटेवर सोनाबाई आता ठिपक्याएवढी दिसत होती.

"काल त्याला आत घेतला असता," तो हट्टानं म्हणाला, "तरी त्या झिंगलेल्या माणसाला मी सांगणार काय होतो?"

"सांगायचं काही नव्हतं," बुवा म्हणाले. "त्याला बस म्हणायचं राहिलं."