दोन इमारतींमधलं ऊन

"माझ्या मुली तुम्ही का पळवता?"

डॉक्टर देवकते यांनी नमस्कार न करताच विचारलं.

मेहताबबाबा फकीर कडुनिंबाखाली बसून कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली.

"किती मुली आहेत आपल्याला?"

"माझे रुग्ण म्हणतोय मी! रुग्ण!"

"अच्छा..." बाबा पुन्हा कांद्याकडे वळले.

हे झाड तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात होतं. पूर्वेच्या इमारतीत डॉक्टरांचा स्त्रीरोग विभाग, पश्चिमेच्या इमारतीत मनाच्या आजारांचा विभाग. मध्ये तीनशे पावलं रणरणतं ऊन, आणि बरोबर मध्यावर हा निंब.

पोरीबाळींवर कोवळ्या वयात बाळंतपण येऊ नये म्हणून सरकारनं योजना आणली होती. शरीर आणि मन, दोन्हींचा उपचार एकत्र. एकत्र म्हणजे दोन इमारतींत. फलक तेवढा एक होता. उद्घाटनाला मंत्री आले, फीत कापली, लाडू वाटले. फक्त मुली डॉक्टरांपर्यंत पोचायच्या राहिल्या.

"नोंदवहीत बासष्ट नावं आहेत," डॉक्टर म्हणाले. "तपासलेली एकही नाही. शिपाई सांगतो, सगळ्या इथं येऊन बसतात. काय करता तुम्ही? गंडा बांधता?"

"पाणी देतो."

"मंतरलेलं?"

"माठातलं."

"मग माझ्याकडे यायचं सोडून तुमच्याकडे का येतात?"

"माझ्याकडे येत नाहीत, साहेब. इथं दमतात."

बुंध्याच्या पलीकडे एक मुलगी बसली होती. शिवकन्या. सकाळपासून तिची दोन्ही इमारतींत ये-जा चालू होती. बाबांनी तिच्या हातातल्या चार चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांपुढे धरल्या.

पहिली: 'रुग्ण रडते. पश्चिमेला पाठवावी.'

दुसरी: 'रुग्ण पाळीबद्दल विचारते. पूर्वेला पाठवावी.'

तिसरी: 'अजून रडते.'

चौथी: 'अजून विचारते.'

"पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीवर सही आपली," बाबा म्हणाले.

"मी हिला पाहिलेलंसुद्धा नाही! कोऱ्या चिठ्ठ्यांवर मी सकाळीच सह्या करून ठेवतो. मजकूर सिस्टर भरतात. वेळ वाचतो."

"कुणाचा?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साडेचारला हिची एसटी आहे," बाबा म्हणाले. "कॉलेजचा फॉर्म भरायचाय असं घरी सांगून आलीय. पुन्हा घराबाहेर सोडणार नाहीत. चौथी चिठ्ठी आपल्या नावाची आहे. आपण समोरच आहात."

डॉक्टर उकिडवे बसले.

"बोल. काय विचारायचंय?"

"सर, ते... मला..." एवढं म्हणून शिवकन्येनं ओढणी डोळ्यांना लावली.

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. 'रुग्ण रडते. पश्चिमेला...'

"मला सुवर्णपदक स्त्रीरोगात मिळालंय," ते लिहिता लिहिता म्हणाले. "रडणं माझ्या विषयात येत नाही."

"मग ही चिठ्ठी आपणच पोचवा. पोरीच्या पायात गोळे आलेत."

"त्यात काय? दोन मिनिटांचं काम!"

डॉक्टर उन्हात निघाले.

पश्चिमेच्या खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली नाही.

"पोटाचं की डोक्याचं?"

"मी डॉक्टर देवकते."

"नाव नंतर. पोटाचं की डोक्याचं?"

"दोन्हीचं आहे!"

"दोन्हीचं नसतं. आधी पूर्वेला जाऊन या."

डॉक्टर झाडाखाली परत आले. बाबांनी पाणी दिलं. ते पिऊन डॉक्टर तणतणत पुन्हा गेले. या खेपेला ते खिडकीवर थांबले नाहीत, सरळ आत घुसले. परत आले ते डॉक्टर इंगोलेबाईंना घेऊन. बाई त्या विभागाच्या प्रमुख. दोघांचं भांडण त्यांच्याआधी झाडापर्यंत पोचलं.

"रडते म्हणजे तुमची!"

"कशानं रडते? पोटाच्या भीतीनं. म्हणजे तुमची!"

"भीती कुठं असते, बाई? डोक्यात! तुमची!"

"घाम पुसा आधी. शर्ट बघा काय झालाय."

"तुमच्या त्या खिडकीनं केलाय!"

बाबांनी सतरंजी झटकून पसरली.

"बसा. सावली दोघांना पुरते."

दोघं दोन टोकांना बसले. मध्ये शिवकन्या. तिनं एकदा पूर्वेकडे पाहिलं, एकदा पश्चिमेकडे. आता कुठंही जायचं नव्हतं...

"माझी ताई सोळाव्या वर्षी बाळंत झाली," ती म्हणाली. "तेव्हापासून बोलत नाही. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसते. आता दिवाळीनंतर माझं लग्न लावणारेत. मला एवढ्यात मूल नको. ते कसं थांबवायचं, एवढंच विचारायचंय. आणि विचारायला लागलं की ताई दिसते आणि रडू येतं."



"वय काय तुझं?" बाईंनी विचारलं.

"सतरा."

"मग हे लग्न होऊच शकत नाही!" दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघत राहिले. दोन विभागांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

चारही चिठ्ठ्यांवर वयाची जागा कोरी होती.

मग डॉक्टरांनी समजावलं. ती रडायला लागली की ते थांबत, बाई बोलत. तिचं रडू ओसरलं की बाई थांबत, डॉक्टर बोलत. तासाभरात तिनं सात प्रश्न विचारले. शेवटचे तीन न रडता.

"परवा मी तुझ्या घरी येते," बाई म्हणाल्या. "आईवडिलांशी बोलते. ताईलाही बघते."

"मीही येतो," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं काय काम?"

"ताई बाळंत झालीय ना?"

"या मग. पण सह्या इथंच ठेवून या."

शिवकन्या हसली. बाई तिला एसटीत बसवून द्यायला निघाल्या.

डॉक्टर उठले. त्यांनी पँट झटकली, कॉलर नीट केली, आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"आलं माझ्या लक्षात, बाबा. मध्ये एक खोली बांधायला हवी. उद्याच प्रस्ताव करतो. वरून मंजुरी यायला दोन-तीन वर्षं जातील. पण तोवर मुली आल्या तर त्यांना कुठं पाठवू?"

बाबांनी पसरलेली सतरंजी हातानं सारखी केली.

"पाठवू नका."